खरखर गेली आणि आवाजही गेला



टोरांटो आणि आसपासच्या आपल्या घरांतून सध्या एक काम जोरात चालू आहे. मोठे घर विकून लहान फ्लॅटमध्ये जायचे ठरते, किंवा घरातले कोणी वडीलधारे जातात, आणि तळघरातल्या खोक्यांतून जुन्या तबकड्या बाहेर येतात. मुले म्हणतात, "आई, हे सगळे कॉम्प्युटरवर घेऊ आणि खोका काढून टाकू." दोन रविवारांत पन्नास तबकड्यांचा निकाल लागतो. मुले ते गाणे फोनवर पाठवतात आणि आपण ऐकून म्हणतो, "वा, किती स्वच्छ!"

अशा बऱ्याच घरगुती नकला गेल्या दोन वर्षांत माझ्या कानांवरून गेल्या. नाटकाचे, पुस्तकाचे परीक्षण होते, तसे या नकलांचेही व्हायला हवे, म्हणून हा लेख. माझे मत आधीच सांगून टाकते. बहुतेक नकला वाजवीपेक्षा जास्त स्वच्छ आहेत. ज्यासाठी आपण तबकडी एवढी वर्षे जपली, साता समुद्रापार आणली, तेच त्या स्वच्छतेच्या नादात धुऊन गेले आहे.

आधी तबकडी म्हणजे काय ते आठवू. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची जुनी काळी तबकडी लाखेची असे. लाखेत दगडाची बारीक पूड आणि काजळी मिसळून ती दाबून काढीत. ही पूड मुद्दाम घालीत, कारण पोलादी पिन तिच्यावर घासून खाचेच्या आकाराची व्हावी लागे. म्हणून प्रत्येक बाजूला नवी पिन लावायची, हे आपल्यापैकी अनेकांना घरच्या शिस्तीसारखे आठवत असेल. म्हणजे ती खरखर ही केवळ धूळ किंवा हेळसांड नव्हे. नव्या कोऱ्या तबकडीलाही ती होती, कारण ती मालातच होती.

ही तबकडी आपल्याला तीन बाजूंनी जवळची आहे. तिचा जनक एमिल बर्लिनर हा १८५१ साली जर्मनीतल्या हानोव्हरला जन्मलेला यहुदी. अमेरिकेत कोर्टकज्जांमुळे त्याचा धंदा अडला, तेव्हा त्याने मॉन्ट्रियलला बस्तान बसवले. कर्ण्यापुढे बसलेल्या कुत्र्याचे चित्र इथल्या तबकड्यांवर तेव्हापासूनचे. सेंट हेन्री भागातल्या त्या जुन्या कारखान्याच्या इमारतीत आज त्याच्या नावाचे संग्रहालय आहे. आणि तबकडीची लाख बहुतांशी हिंदुस्थानची. यहुद्याची कल्पना, कॅनडातला कारखाना आणि आपल्या देशातल्या झाडांवरची लाख असा हा योग आहे. अशी वस्तू कचऱ्याच्या पेटीत टाकताना हात थोडा थबकावा, एवढेच म्हणणे.

आता परीक्षणाकडे वळते. बालगंधर्वांच्या एका नाट्यपदाच्या दोन नकला मी शेजारी शेजारी ठेवून ऐकल्या. तबकडी एकच, यंत्र एकच. पहिली नकल जशी वाजली तशी घेतलेली. दुसऱ्या नकलेतून संगणकाच्या सोयीने खरखर काढलेली. पहिल्या ऐकण्यात दुसरी नकल कोणालाही आवडेल. पाऊस थांबल्यावर खिडकी उघडावी तसे वाटते. पण तिसऱ्यांदा ऐकताना लक्षात येते की तबल्याच्या बोलानंतरची आस गेली आहे. थाप पडते आणि मागे काही उरत नाही. ऑर्गनचा सूर मंद होत होत विझायला हवा, तो मध्येच तुटतो. तान संपून गायक श्वास घेतो, तो श्वास नाहीसा झाला आहे. आणि सारा आवाज मधूनमधून पाण्याखालून आल्यासारखा गुळगुळीत होतो. पहिल्या नकलेत खरखर भरपूर आहे, पण तिच्यापलीकडे एक माणूस उभा राहून गातो आहे. दुसरीत फक्त गाणे आहे.

हे का होते ते समजून घेणे अवघड नाही. घरी बहुतेक मुले 'ऑडॅसिटी' नावाची सोय वापरतात. ती फुकट मिळते, चांगली आहे, आणि दोष तिचा नाही. गाणे सुरू होण्यापूर्वी नुसती पिन फिरत असते, त्या दोन सेकंदांचा नमुना तिला दाखवायचा. त्या नमुन्यासारखे जे जे पुढे दिसेल ते ती दाबून टाकते. अडचण अशी की माणसाच्या बोलण्यातही खरखरीसारखेच आवाज असतात. श, ष, स म्हणून पाहा. तोंडातून हवा घासत बाहेर पडते, सूर नसतोच. यंत्राला 'स' आणि सुईची सरसर यांत फारसा फरक दिसत नाही. हकाराचेही तसेच, आणि ख, थ, फ यांच्यातल्या श्वासाच्या फुंकरीचेही.

शाळेत मुलांचे श आणि स दुरुस्त करण्यात माझी उमेदीची वर्षे गेली, म्हणून हा मुद्दा मला जरा जास्त बोचतो. पण तो केवळ मास्तरीणबाईंचा हट्ट नाही. मराठीत 'चार'मधला च आणि 'चाक'मधला च वेगळे आहेत. 'जरा' म्हणजे थोडे आणि 'जरा' म्हणजे म्हातारपण हे लिहायला सारखे, उच्चाराने निराळे. हा फरक दाखवणारा आवाज बारीक आणि वरच्या पट्टीतला असतो. जोरात सफाई केली की तोच आधी जातो. आपल्या नातवंडांना मराठी लिहिता-वाचता येत नाही. त्यांना 'चाक' कसे म्हणायचे हे पुस्तक सांगू शकत नाही, कारण पुस्तकात दोन्ही च सारखेच छापतात. ते फक्त आवाज सांगू शकतो.

हिब्रूचीही तीच गोष्ट. आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी 'शब्बाथ' असे, आज इस्राएलात 'शबात' म्हणतात. दोन्ही बरोबर, पण पहिला उच्चार आपल्या मशिदींतून, आपल्या हझानांच्या तोंडून आलेला. घरी ध्वनिफितीवर कोणी किद्दुश किंवा मलिद्याच्या वेळचे 'एलियाहू हनाबी' भरून ठेवले असेल आणि आता तेही संगणकात घेत असाल, तर हा थ सांभाळा. सफाईनंतर तो त होऊन बसला तर आपणच आपली ओळख पुसली असे होईल.

दुसरा दोष वेगाचा, आणि तो खास आपल्या परदेशस्थ घरांतला आहे. काही जणांनी रेकॉर्ड प्लेअरही मुंबईहून आणला. हिंदुस्थानातली वीज २२० ते २३० व्होल्टची, इथली १२० ची, म्हणून ट्रान्सफॉर्मर लावतात आणि निश्चिंत होतात. पण तिथली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची आणि इथली ६० ची. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, आवर्तने बदलत नाही. जुन्या यंत्रांपैकी पुष्कळांची मोटर आवर्तनांच्या तालावर फिरते. ती इथे वीस टक्के जास्त वेगाने फिरते. तीन मिनिटांचे पद अडीच मिनिटांत संपते, आणि काळी एकमध्ये गाणारा गायक पांढरी तीनच्याही थोडा वर जातो. अशी एक नकल मी ऐकली. भारदस्त पुरुषी आवाज त्यात पोरसवदा झाला होता. घरातल्या तरुणांना ते खटकले नाही, कारण त्यांनी तो गायक पूर्वी ऐकलेलाच नव्हता. ते म्हणतील, जुने लोक असेच गात असावेत. चुकीची नकल हीच पुढच्या पिढीची आठवण होऊन बसते, ती अशी.

याची परीक्षा घरी सहज होते. तबकडीच्या कडेला कागदाचा बारीक कपटा ठेवा आणि घड्याळ लावून मोजा. अठ्ठ्याहत्तरची तबकडी वीस सेकंदांत २६ फेरे घेते. लाँग प्ले तीन मिनिटांत १०० फेरे घेते. चुकत असेल तर यंत्र बदला, किंवा संगणकात वेग दुरुस्त करा. फार जुन्या तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांवर भरलेल्या नसत, थोड्या खाली-वर असत. तिथे घरातल्या जाणत्या कानाचाच आधार. तो कान आज आपल्याकडे आहे, आणखी वीस वर्षांनी नसेल.

तिसरा दोष काटछाटीचा. मुले सुरुवात आणि शेवट कापून टाकतात, कारण तिथे 'काही नाही'. १९०२ साली फ्रेड गायस्बर्गने कलकत्त्यात गोहरजानचे गाणे भरून घेतले, तेव्हा तबकड्या छापायला हानोव्हरला जात. तिथल्या कारागिरांना कोणती तबकडी कोणाची हे कळावे म्हणून गाणे संपताच गायिका आपले नाव पुकारून सांगे. त्या काळच्या अनेक तबकड्यांच्या शेवटी असे नाव ऐकू येते. सोयीसाठी घातलेले ते दोन शब्द आज साऱ्या तबकडीत सर्वांत जिवंत वाटतात. गाणे पुष्कळ जणींनी गायले असेल, पण "मी अमुक" असे तिने एकटीनेच म्हटले. ते कापणे म्हणजे पत्राखालची सही फाडणे.

तसेच एकच चीज दोन बाजूंवर विभागलेली असते, ती मुले जोडून सलग करतात. ऐकायला बरे वाटते. पण तबकडीच्या एका बाजूला सुमारे तीन मिनिटांचीच जागा होती. रंगभूमीवर वन्स मोअर घेत घेत रंगणारे पद त्या जागेत बसवताना गायकाने काय ठेवले, काय सोडले, कुठे थांबला, हे त्या बाजू बदलण्यातूनच कळते. ऐकण्यासाठी जोडलेली नकल जरूर करा, मात्र मूळ दोन बाजू वेगळ्या राहू द्या.

तीन मिनिटांच्या या मर्यादेचा आपल्या समाजाशी फार जवळचा संबंध आहे. १८८० च्या सुमारास बेंजामिन शिमशोन अष्टमकरांसारख्या मंडळींनी बेने इस्राएलांत कीर्तन आणले. योसेफ, मोशे यांच्या कथा मराठी साकी-दिंडी-ओवीत रंगू लागल्या. ही कीर्तने तासन् तास चालत. ती तबकडीत मावणार कशी? त्यांच्या छापील पुस्तिका उरल्या, पण शब्दांवर चाल लिहिलेली नसते. म्हणून कोणाच्या घरी आईच्या, आत्याच्या तोंडचे कीर्तनातले एखादे पद कॅसेटवर असेल, तर ते बालगंधर्वांच्या तबकडीपेक्षाही आधी संगणकात घ्या. बालगंधर्वांची दुसरी प्रत जगात कुठेतरी सापडेल, तुमच्या आत्याची सापडणार नाही. डेव्हिड अब्राहम चेऊलकर १९८१ साली इथे टोरांटोत वारले, पण त्यांचा आवाज चित्रपटांत राहिला. आपल्या बाकीच्या माणसांसाठी तशी व्यवस्था कोणी केलेली नाही.

या कामाची चांगली उदाहरणेही आहेत. २००९ साली 'शिर होदू' नावाची सीडी निघाली. मुंबईत १९३० च्या दशकात निघालेली यहुदी गाणी जुन्या तबकड्यांवरून तीत घेतली आहेत. ती मुख्यतः बगदादी मंडळींची, तरी मुंबईच्या यहुदी मोहल्ल्यांचा तो काळ त्यांतून कानांवर येतो. कोणीतरी त्या तबकड्या फेकल्या नाहीत, म्हणून हे घडले. मुंबईत १९९० साली सुरू झालेली भारतीय रेकॉर्ड संग्राहकांची संस्था आणि तिचे सुरेश चांदवणकर यांनी जुन्या तबकड्यांचे संदर्भ चिकाटीने नोंदवले. इथे कॅनडात लायब्ररी अँड आर्काइव्ह्जने 'व्हर्च्युअल ग्रामोफोन' या नावाने जुन्या कॅनेडियन तबकड्या लोकांना ऐकायला ठेवल्या. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. आवाजाबरोबर त्यांनी माहितीही जपली. आपल्या घरगुती नकलांत 'ट्रॅक ०७' एवढेच नाव असते. मग आवाज आहे, पण कोणाचा हे सांगणारे कोणी नाही, अशी गत होते.

तेव्हा करावे काय? माझ्या मते काम दोन पायऱ्यांत वाटावे. पहिली नकल मुळीच हात न लावलेली, जशी वाजली तशी. ती 'वेव्ह' किंवा 'फ्लॅक' या प्रकारात ठेवा, एमपीथ्रीमध्ये नको, कारण एमपीथ्री जागा वाचवण्यासाठी आवाजातले काही कायमचे टाकून देते. जागेची चिंता आता नको. सीडीच्या दर्जाने घेतले तर मिनिटाला साधारण १० एमबी लागतात, म्हणजे तीन मिनिटांची बाजू ३० एमबीत मावते. भरताना पट्टी लाल रंगात जाऊ देऊ नका. तिथे फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. दुसरी नकल ऐकण्यासाठी. तीत हवी तेवढी सफाई करा, पण हलक्या हाताने. ती बिघडली तरी पहिली शाबूत राहते.

सफाईआधी तीन गोष्टी केल्या तर निम्मे काम होऊन जाते. एक, अठ्ठ्याहत्तरच्या खाचा लाँग प्लेच्या खाचांपेक्षा जवळजवळ तिप्पट रुंद असतात. त्यांना वेगळी सुई लागते. लाँग प्लेची बारीक सुई खाचेच्या तळाशी लोळते आणि खरखर वाढवते. सगळ्याला एकच सुई असलेले स्वस्त पेटीवजा यंत्र यासाठी घेऊ नका. दोन, जुनी तबकडी एकाच कर्ण्यासाठी भरलेली असते. डावा आणि उजवा असे दोन्ही आवाज एकत्र केले की सुईच्या वर-खाली हलण्याने येणारा बराच गोंगाट आपोआप मिटतो, आणि गायकाच्या आवाजाला धक्का लागत नाही. तीन, तबकडी आधी धुवा. मात्र लाँग प्लेसाठी मिळणाऱ्या ज्या द्रवांत अल्कोहोल असते ते लाखेला लावू नका, लाख अल्कोहोलात विरघळते. शुद्ध केलेले पाणी, सौम्य साबणाचा एखादा थेंब आणि मऊ कापड पुरे. लेबल भिजू देऊ नका. आपल्याकडच्या हिवाळ्यात घरातली हवा कोरडी होते आणि लाँग प्ले विजेने भारल्यासारखी धूळ ओढते, म्हणून शक्य तर हे काम उन्हाळ्यात करा.

आणखी एक, जे सांगायला आपल्या वयात थोडा संकोच वाटतो. आपल्या कानांना वरच्या पट्टीतले आवाज आता कमी ऐकू येतात. म्हणून "सफाईनंतर काही बिघडले नाही" हा निवाडा आपण एकट्याने देऊ नये. आपण असेही म्हणू की 'स' गेलेला नाही, कारण आपल्याला तो आधीही पुरता ऐकू येत नव्हता. शेजारी नातवंडाला बसवा. त्याला मराठी येत नसेल, पण कान तरुण आहेत. तुम्ही शब्द सांगा, तो सांगेल ऐकू आला की नाही. या निमित्ताने त्याच्या कानांवर चार मराठी शब्दही पडतील.

कायद्याचेही एक वाक्य. कॅनडात २०१२ च्या दुरुस्तीने रीतसर मिळालेल्या वस्तूची खासगी वापरासाठी नकल करायला परवानगी आहे, पण ती नकल दुसऱ्याला देऊन टाकायची नाही. मूळ तबकडी देऊन टाकली वा विकली, तर त्याआधी नकला नष्ट कराव्या लागतात. म्हणजे "कॉम्प्युटरवर घेऊ आणि खोका कोणालातरी देऊ" हा बेत कायद्यालाही मान्य नाही. माझ्या मते हा कायदा या एका बाबतीत शहाणा आहे. नकल मूळ वस्तूच्या जागी बसत नाही, तिच्या शेजारी बसते. उद्या अधिक चांगली सुई, अधिक चांगले यंत्र येईल. तबकडी उभी, थंड जागी, कागदी पाकिटात असेल, तर पुन्हा वाजवता येईल.

माहितीचे काम तर आजच करता येते, त्याला यंत्रही लागत नाही. प्रत्येक तबकडीसाठी वहीचे एक पान घ्या. लेबलावरचे नाव, कंपनी, क्रमांक, आणि लेबलाजवळच्या गुळगुळीत भागात कोरलेले आकडे उतरवून घ्या. त्याखाली लिहा, ती कोणी विकत घेतली, कोणत्या घरात वाजत असे, कोणाला आवडे. मराठीत लिहा, आणि त्याखाली नातवंडांना वाचता येईल अशा भाषेतही. नावे पूर्ण लिहा, नुसते 'काका' नको. त्यांना कोणता काका ते कळणार नाही. गाणी पुष्कळांकडे असतील. ते पान फक्त तुम्हीच लिहू शकता.